आपला ट्रक आपल्या मुलांच्या हातात द्या

मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या प्रत्येक हायस्कुलात सातवी-आठवीच्या मुलांनी प्लास्टिकचा एक ट्रक सुट्या भागांतून जोडावा, आणि तो आपल्याच रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकांपैकी असावा, अशी माझी मागणी आहे. खेळण्यांसाठी वर्तमानपत्राची जागा कशाला, असं कुणी म्हणेल. हा विषय रस्त्यावर जाणाऱ्या जिवांचा आहे, हाताने शिकण्याचा आहे आणि पेणच्या कारागिरांच्या पोटाचाही आहे, म्हणून लिहितो.

मी पेण तालुक्यातल्या गडबचा. वडखळ नाका मागे टाकून नागोठण्याकडे निघालं की डोलवीचा पोलाद कारखाना लागतो आणि पुढे आमचं गाव. कारखान्याची क्षमता आता वर्षाला १ कोटी टनांची आहे. पोलादाच्या कॉइल साखळदंडांनी आवळून ट्रेलर आमच्या दारावरून जातात. एकेका कॉइलचं वजन वीस-पंचवीस टनांच्या घरात. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गावांच्या वाट्याला वर्षानुवर्षं वळणरस्ते, खड्डे आणि धुरळा आला. शाळेची मुलं, कंपनीत पाळीला निघालेले दुचाकीवाले, बाजाराला जाणाऱ्या बायका, सगळ्यांना त्याच रस्त्याच्या कडेने जावं लागतं. दहा चाकी कुठला आणि ट्रेलर कुठला हे आमची मुलं नुसत्या आवाजावरून सांगतात. पण ड्रायव्हरला त्याच्या जागेवरून काय दिसतं, वळताना मागची चाकं कुठून जातात, भरलेली गाडी थांबायला किती रस्ता खाते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

नोकरीभर मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. इंजिन स्टँडवर उघडून ठेवलेलं असायचं, गिअरबॉक्स दुसऱ्या टेबलावर, डिफरन्शियल कोपऱ्यात. मुलं हुशार, हात चांगले. पण गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागच्या चाकापर्यंत कशी पोचते हे विचारलं की बरीचशी अडखळायची. अख्खी गाडी एका नजरेत त्यांनी कधी पाहिलेलीच नसायची. खऱ्या ट्रकखाली शिरलं तर डोळ्यांसमोर हातभर जागा असते, बाकी अंधार आणि ग्रीस. मग मुंबईहून एक मॉडेल किट मागवलं आणि वर्गात मुलांसमोर जोडायला बसलो. निवृत्तीनंतर हेच काम मी घरच्या पडवीत गल्लीतल्या मुलांना घेऊन करतो.

ज्यांनी असं किट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोक्यात पॉलिस्टायरीनच्या चौकटी असतात. प्रत्येक चौकटीला बारीक दांड्यांनी शेकडो भाग लटकलेले असतात आणि प्रत्येकाशेजारी आकडा कोरलेला असतो. कटरने भाग सोडवायचा, तुटल्या जागेचा कंगोरा पॉलिश पेपरने घासायचा, आधी कोरडाच बसवून पाहायचा आणि मग चिकटवायचा. यातलं चिकटद्रव्य गोंदासारखं नसतं. ते दोन्ही कडा किंचित विरघळवतं आणि सुकल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो, म्हणजे हे एक प्रकारचं वेल्डिंगच. ट्रकची किटं बहुतेक १:२४ किंवा १:२५ या प्रमाणात येतात. एकास चोवीस म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. अडीच मीटर रुंदीचा ट्रक टेबलावर साधारण साडेदहा सेंटीमीटरचा होतो आणि आपल्याकडच्या १०.००-२० टायरचा व्यास साडेचार सेंटीमीटरच्या आसपास येतो. हा सगळा हिशेब मुलं स्वतः करतात. पुस्तकातलं गुणोत्तर आणि प्रमाण इथे हातात येतं, आणि उत्तर चुकलं तर भाग बसत नाही.

काम चासीपासून सुरू होतं. दोन लांब पट्ट्या, मध्ये आडवे बीम. मग कमान पाटे. मागच्या एक्सलवरचे पाटे एकावर एक रचताना मुलं हमखास थांबतात, कारण खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा आखूड असतो. शेजारची सातवीतली मुलगी म्हणाली, "काका, सगळे सारखे का नाही केले?" मी उत्तर दिलं नाही. लाकडी फूटपट्टीचं एक टोक टेबलावर दाबून धरायला सांगितलं आणि दुसऱ्या टोकावर वजन ठेवलं. पट्टी कुठे जास्त ताणली जाते ते तिने बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "मुळाशी जास्त जोर येतो, तिथे जास्त पट्ट्या पाहिजेत." जोर जिथे जास्त तिथे लोखंड जास्त, हे यंत्रशास्त्राचं मूळ तत्त्व तिला एका संध्याकाळी कळलं. पुढे प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, मागची जोडचाकं, एअर टँक, डिझेलची टाकी. केबिन सगळ्यात शेवटी. तोवर मुलांना कळलेलं असतं की आपण ज्याला ट्रक म्हणतो ते तोंड म्हणजे नुसतं वरचं झाकण. ओझं चासी आणि पाटे वाहतात.

आता मुद्द्याचं. केबिन तयार झाली की मी एक प्रयोग करून घेतो. पडवीतला दिवा मालवायचा. ड्रायव्हरचं डोकं जिथे येईल तिथे मुंगीएवढा एलईडी दिवा बसवायचा आणि ट्रक पांढऱ्या कागदावर ठेवायचा. काचांतून बाहेर पडणारा उजेड जिथे पोचतो ते ड्रायव्हरला दिसतं. जिथे अंधार राहतो ते दिसत नाही. मग पाच सेंटीमीटर उंचीची पुठ्ठ्याची बाहुली करायची. पाच गुणिले चोवीस, म्हणजे चार फुटांचं मूल. ती बाहुली केबिनच्या नाकासमोर ठेवली तर पूर्ण अंधारात. केबिनच्या क्लीनरकडच्या बाजूला दाराशी ठेवली तरी अंधारात. हळूहळू बाहेर सरकवत नेली की कितीतरी अंतरावर तिच्या डोक्यावर पहिला उजेड पडतो. आम्ही मोजलं ते अंतर दहा सेंटीमीटरच्या आसपास होतं, म्हणजे रस्त्यावर जवळजवळ अडीच मीटर. आरसे यातला काही भाग भरून काढतात, सगळा नाही. "ड्रायव्हरला आपण दिसतो" ही मुलांची समजूत त्या अंधारात एका झटक्यात संपते. दुसरा प्रयोग वळणाचा. चाकांना रंगीत खडू फासून ट्रेलर कागदावर वळवला की पुढच्या चाकांच्या रेषेच्या किती आतून मागची चाकं जातात ते कागदावर उमटतं. वळणावर ट्रेलरच्या पोटाशी सायकल का लावायची नाही, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

पण इथेच अडचण येते. बाजारात मिळणारी मोठी किटं बहुतेक युरोपातल्या नाही तर अमेरिकेतल्या ट्रकांची असतात आणि त्यांचं स्टेअरिंग डावीकडे असतं. त्या किटवर प्रयोग केला की अंधाराची मोठी बाजू उजवीकडे पडते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून न दिसणारी मोठी बाजू डावी. नेमकी तीच रस्त्याची कड, जिथून आपली मुलं चालतात आणि दुचाक्या घुसतात. परक्या ट्रकावर शिकवलेला धडा आमच्या रस्त्यावर उलटा ठरतो. मी डॅशबोर्ड कापून स्टेअरिंग उजवीकडे घेतो, तेव्हा कुठे प्रयोग जमतो. जपानी किटांत स्टेअरिंग उजवीकडे असतं, पण आओशिमा कंपनीची प्रसिद्ध ट्रक किटं १:३२ ची आणि दिव्यांनी, क्रोमने मढवलेल्या तिकडच्या ट्रकांची. त्या केबिनी आमच्या रस्त्यावर दिसत नाहीत.

आपला ट्रक किटाच्या योग्यतेचा नाही, असं तर मुळीच नाही. टाटांची टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांच्या भागीदारीतून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता, पुढे टाटाचं स्वतःचं चिन्ह आलं. १९८६ मध्ये आलेला ४०७ आजही भाजीपाल्यापासून लग्नाच्या मंडपापर्यंत सगळं वाहतो. आणि आपला ट्रक मुळात सुट्या भागांतूनच उभा राहायचा. कारखान्यातून चासी आणि इंजिनाचा पुढचा भाग यायचा. केबिन, हौदा, फाळका हे सगळं सुतार आणि लोहार मिस्त्री बॉडी-बिल्डरच्या आवारात चढवायचे. पेंटर मागे फुलं, मोर आणि "हॉर्न ओके प्लीज" रंगवायचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ती अक्षरं लिहायला बंदी केली. ट्रकच्या पाठीवरची ही कला मुलांनी निदान मॉडेलवर तरी रंगवून पाहावी. नंबरप्लेट एमएच ०६ ची असावी. रायगडचं ते आरटीओ कार्यालय आमच्या पेणलाच आहे.

मग असं किट दुकानात का दिसत नाही? एक कारण आयातशुल्काच्या मागे दडलेलं आहे. खेळण्यांवरचं आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. निकृष्ट आणि घातक माल रोखण्यासाठी हे हवंच होतं, देशी कारखान्यांना आधार मिळावा हाही हेतू योग्यच. पण सीमाशुल्काच्या ज्या शीर्षकात बाहुल्या आणि तीनचाकी सायकली येतात त्याच शीर्षकात प्रमाणबद्ध मॉडेलंही मोडतात. परदेशी किट महागलं आणि देशी किट आलं नाही. दुकानात तयार ट्रक मिळतो. चावी द्या, पळवा, दोन दिवसांनी माळ्यावर टाका. बाहेरचा माल अडवणारी भिंत आपण बांधली, पण तिच्या आत किटांचं झाड लावलं नाही.

ते लावता येतं, याचे दाखले आहेत. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीचं नाव आज लढाऊ विमानांच्या किटांसाठी घेतलं जातं. तिची या धंद्यातली सुरुवात झाली शेतीच्या ट्रॅक्टरपासून. १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन कंपनीला आपल्या विक्रेत्यांसाठी टीई-२० ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल हवं होतं. एअरफिक्सने ते बनवलं आणि पुढे तेच सुट्या भागांत दुकानातून विकलं. वाहन बनवणारी कंपनी आणि साचा बनवणारी कंपनी एकत्र आल्या, एवढंच. दुसरा दाखला आमच्यासाठी अधिक जवळचा. जपानचं शिझुओका शहर पूर्वीपासून लाकूडकामाचं. तिथली तामिया ही १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या गिरणीपासून सुरू झालेली कंपनी. लाकडी मॉडेलं करता करता १९६० मध्ये तिने प्लास्टिकचं पहिलं किट काढलं, यामातो या युद्धनौकेचं. आज जगभरचे मॉडेलवाले शिझुओकाचं नाव आदराने घेतात. एका शहराच्या कारागिरांच्या बोटांत आधीच असलेली कला नव्या मालात उतरली.

अशी बोटं पेण तालुक्यात गल्लोगल्ली आहेत. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या गणपतीच्या कारखान्यांतून दर वर्षी लाखो मूर्ती निघतात आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंत जातात. मूळ मूर्ती घडवणं, तिच्यावरून रबरी साचा काढणं, ओतकाम, सांध्याची रेघ खरवडणं, घासकाम, फवारा, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. यातली एकेक पायरी मॉडेल किटाच्या धंद्यात जशीच्या तशी लागते. पोलादी साच्यात प्लास्टिक दाबून किट काढायचं तर साच्यालाच लाखो रुपये मोजावे लागतात, हे खरं. पण थोड्या संख्येची किटं जगभर सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन ओतून बनवली जातात आणि हा घरगुती कारखान्याचाच व्यवसाय आहे. एका साच्यातून पंचवीस-तीस नग निघतात, मग साचा नवा करायचा.

माझ्या मावसभावाचा हमरापूरला कारखाना आहे. तिथे आम्ही जुन्या टाटा ट्रकच्या केबिनचा पत्र्याचा नमुना ठेवून साचा काढला. मापं मी खऱ्या गाडीवर टेप लावून घेतली होती. पहिला नग साच्यातून निघाला तेव्हा कारखान्यात फिनिशिंग करणाऱ्या वहिनींनी तो उजेडाकडे धरला, नखाने कडेवरून फिरवला आणि विचारलं, "भाऊ, दाराची ही फट खरी आहे की रेघ पडलीय?" मी म्हटलं, खरी. त्यांनी ब्लेडच्या टोकाने आजूबाजूची सांध्याची रेघ उडवली आणि दाराची फट शाबूत ठेवली. वर्गात ही नजर तयार करायला महिने जातात. त्यांच्या हातात ती आयुष्यभराच्या कामातून उतरलेली होती. समोरची जाळी रंगवायला आखणीवाल्या मुलाला दिली, तर त्याने हेडलाइटच्या काचेत असा बारीक पांढरा ठिपका टाकला की दिवा जिवंत वाटू लागला.

कारखान्यांना अशा जोडधंद्याची गरजही आहे. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनी पीओपीच्या मूर्तींना मनाई केली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं हा धंदा न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसला. मूर्तीची जागा मॉडेल घेईल असं मी म्हणत नाही, ती घेऊही नये. पण ज्या घराचं वर्षाचं गणित एकाच सणावर उभं आहे, त्याला दुसरा आधार मिळाला तर तो हवाच आहे.

आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. आधीच प्लास्टिकचा कचरा कमी आहे का? वापरून फेकायची पिशवी आणि महिनाभर राबून जोडलेला, वर्षानुवर्षं शाळेच्या कपाटात राहणारा ट्रक एका मापाने मोजू नयेत. चिकटद्रव्याचा वास आणि रेझिनची धूळ घातक असते, हा आक्षेप मात्र मी पूर्ण मानतो. ओतकाम आणि रेझिनचं घासकाम मोठ्यांनीच मास्क लावून, वारा खेळता ठेवून करावं. मुलांच्या हाती धुतलेले, घासलेले भाग द्यावेत आणि जोडणी स्क्रू-खाचांची ठेवावी. हे परक्या देशांतलं फॅड आहे, असंही कुणी म्हणेल. दिवाळीत अंगणात किल्ला बांधणाऱ्या मुलांच्या महाराष्ट्रात हे म्हणणं टिकत नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहायला आजही मुलांची रांग लागते. मॉडेल करायची आणि पाहायची हौस आपल्या अंगात मुरलेली आहे. कमी आहे ती साधनांची.

म्हणून मागणं नेमकं करतो. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकण्यासाठी. महामार्गालगतच्या शाळांनी त्यातले काही दिवस ट्रक जोडायला द्यावेत, मुलांना हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात न्यावं आणि उजेडाचा प्रयोग प्रत्येक वर्गात व्हावा. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत थ्रीडी प्रिंटर आहेत. मूळ नमुने तिथे निघू शकतात. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चार-पाच भारतीय ट्रकांची मापं घेऊन १:२४ ची आरेखनं करावीत. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या जुन्या, आता रस्त्यावरून गेलेल्या गाड्यांची आरेखनं शाळांसाठी खुली करावीत. फर्ग्युसनला जे १९४९ मध्ये परवडलं ते त्यांना आज जड नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांनी सामाजिक निधीतून साच्यांचा खर्च उचलावा, कारण त्यांच्याच मालाच्या गाड्या या गावांतून जातात. आणि केंद्र सरकारने शाळांसाठी मागवल्या जाणाऱ्या जोडणीच्या किटांना तयार खेळण्यांपासून वेगळं काढून, देशी किट येईपर्यंत शुल्कात सवलत द्यावी.

केबिनची मापं आणि साच्याची पद्धत मी मागेल त्या शाळेला द्यायला तयार आहे. जोडून दाखवायलाही येईन. डोलवीचे ट्रेलर उद्याही गडबवरून जाणार आहेत आणि परवाही. त्यांच्या शेजारून चालणाऱ्या मुलीला गाडीची आंधळी बाजू कुठली हे माहीत असणं हा तिचा हक्क आहे. तीच मुलगी पुढे आरसे, कॅमेरे आणि केबिन अशी आखेल की ती बाजू उरणारच नाही. त्यासाठी तिला आत्ता एक ट्रक हवा, तिच्या हाताने जोडलेला, उजवीकडे स्टेअरिंग असलेला.